सिंफनी म्हणजे वाद्यवृंद नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘एका निवेदकाच्या तोंडून “आता ऐकू या ब्राम्सचा पहिला वाद्यवृंद” असं ऐकलं. हे बरोबर आहे का? आणि सिंफनीला चांगला मराठी शब्द कोणता?’

बरोबर नाही. आणि हे एकदाच ऐकलं असतं तर सोडूनही दिलं असतं. वाद्यवृंद म्हणजे वाजवणारी माणसं, सिंफनी म्हणजे ती वाजवतात ती रचना, बहुधा चार भागांची. ब्राम्स या जर्मन संगीतकाराने वृंद काढला नव्हता. पहिल्या सिंफनीपाशी तो वीसेक वर्षं अडखळला, तेव्हा कुठे १८७६ साली कार्ल्सरूहला ती वाजली. तिला ‘पहिला वाद्यवृंद’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मांडवातला ऑर्केस्ट्रा येतो, फर्माइशींच्या चिठ्ठ्यांसकट. (‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे मुळात ग्रीक नाट्यगृहातली नाचायची जागा. नाचावर बंदी आली म्हणून ‘ऑर्केस्ट्रा बार’ झालेल्यांना हे कुणी सांगू नये.)

सिन् म्हणजे एकत्र, फोने म्हणजे आवाज, हे शाळकरी उत्तर झालं. ते दिलं रे दिलं की ‘सिन् म्हणजे आपला सम्, म्हणून सिंफनी म्हणजे संवाद’ असं सांगणारे विद्वान उठतात. त्यांनी खाली बसावं. शब्दाच्या सुरुवातीला, स्वराआधी आलेल्या जुन्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ होतो: आपलं सप्त, त्यांचं हेप्ता. ‘सम्’चे ग्रीक सोयरे हवे असतील तर ते ‘होमोस’च्या, म्हणजे ‘सारखा’च्या, घरी सापडतील. सिन्‌चं जुनं रूप तर ‘क्सिन्’ होतं. त्याचं काय करणार?

खरी गंमत उत्तरार्धात आहे. ‘फोने’ आणि ‘फेमी’, म्हणजे ‘मी म्हणतो’, ही एकाच मुळाची पोरं. जिथे आपला भ, तिथे ग्रीकांचा फ: ‘मी वाहतो’ला आपलं भरामि, त्यांचं फेरो. आता बोलण्याच्या अर्थाचा असा ‘भ’ संस्कृतात शोधा. ऋग्वेदात ‘भनति’ आहे, पुढे ‘भणति’ झालं, आणि पुढच्या ‘ण’चा नाकातला वारा लागून मराठीत ‘म्हणे’! सिंफनी म्हणजे मिळून म्हणणे. काही व्युत्पत्तिकार ‘भनति’ला या कुळात घ्यायला का-कू करतात. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो. आणखी काय पत्रिका बघायची? शिवाय आपण गाणं ‘म्हणतो’च की. आरती म्हणतो, भूपाळी म्हणतो, आणि पाहुण्यांसमोर पोराला ‘एक गाणं म्हण’ म्हणून छळतो.

बेथोव्हेनला मराठी येत नव्हतं, तरी नवव्या सिंफनीत (व्हिएन्ना, १८२४) त्याने नेमकं हेच केलं. तीन भाग नुसती वाद्यं. चौथ्यात एक खर्जाचा गायक उभा राहतो आणि म्हणतो, मित्रांनो, हे सूर नकोत. ही ओळ बेथोव्हेनची स्वतःची, जर्मन कवी शिलरचं आनंदगीत त्यानंतर सुरू होतं. मग सगळे मिळून म्हणतात. ब्राम्सने पहिल्या सिंफनीच्या शेवटच्या भागात त्या आनंदगीताची आठवण करून देणारी धून योजली, पण शब्द घेतले नाहीत. साम्य दाखवणाऱ्यांवर तो ‘हे कुठल्याही गाढवाला कळतं’ म्हणून खेकसला, असं सांगतात.

आणखी एक, मग थांबतो. लॅटिन ‘सिंफोनिया’ इटलीच्या डोंगरात जाऊन झिजली आणि तिची ‘झांपोन्या’ झाली, म्हणजे मेंढपाळांचा पिशवीवाला बाजा. तो सूर धरून बसतो, त्यावर दुसरा माणूस पिफेरो नावाची छोटी सनई फुंकतो. आपल्याकडे सनईला सूर धरतात तसंच. बेर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराने ही जोडी इटलीत ऐकली आणि ‘हॅरॉल्ड इन इटली’ (१८३४) या सिंफनीच्या तिसऱ्या भागात, अब्रुत्सीच्या डोंगरकऱ्याच्या प्रेमगीतात, वाद्यवृंदाकडून तिची नक्कल करवली. सिंफनीच्या पोटात सिंफनी! या शब्दाची एवढी वंशावळ ठाऊक झाल्यावर त्याला बदली शब्द शोधायला माझं मन घेत नाही.

हां, प्रश्न प्रतिशब्दाचा होता. सिंफनीच म्हणा. स्त्रीलिंगी. अनेकवचन सिंफन्या.