मोंढ्यातला हिशेब आणि एआय सहायक

प्रश्न : उदगीरच्या मोंढ्यात आमचे आडतीचे दुकान आहे. मालाची आवक, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्यांना दिलेली उचल यांच्या नोंदी मी एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतो. कोणाकडे किती उचल बाकी आहे, हे मराठीत विचारल्यावर एआय सहायकाने नोंदी पाहून सांगावे, म्हणून मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा एमसीपी सर्व्हर, म्हणजे सहायकाला नोंदींशी जोडणारा प्रोग्रॅम, लिहिला. टर्मिनलमध्ये तो विनातक्रार सुरू होतो. क्लॉड डेस्कटॉप या संगणकावरच्या एआय सहायक ॲपला जोडला की मात्र जोडणी तुटल्याचा संदेश येतो. प्रोग्रॅमची छापील प्रत सोबत जोडली आहे. सर्व्हर आमच्याच लॅपटॉपवर असल्यामुळे हिशेब दुकानाबाहेर जात नाही, असे मी वडिलांना सांगितले आहे. ते बरोबर आहे ना?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : आपल्या प्रोग्रॅमच्या आरंभीच ‘सर्व्हर सुरू झाला’ असे सांगणारी प्रिंटची ओळ आहे आणि बहुधा तीच नडते आहे. नोव्हेंबर 2024मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजेच एमसीपीमध्ये, स्थानिक सर्व्हर सहसा स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुट या दोन वाटांनी बोलतो. सहायक आपला प्रोग्रॅम स्वतः सुरू करतो आणि त्या वाटांवर जेसन-आरपीसी 2.0 या ठरावीक साच्यातलेच निरोप अपेक्षितो. टर्मिनलमध्ये जी ओळ आपल्याला धीर देते, तीच सहायकाच्या दृष्टीने निरोपात मिसळलेला कचरा असते. अशा सूचना स्टँडर्ड एरर या सूचनांसाठीच्या वेगळ्या वाटेकडे वळवाव्यात किंवा वेगळ्या फाइलमध्ये लिहाव्यात.

एवढ्याने भागले नाही, तर फाइलींचे पत्ते तपासावेत. सहायकाच्या जेसन सेटिंग फाइलमध्ये पायथनचा आणि प्रोग्रॅमचा पत्ता ड्राइव्हपासून पूर्ण लिहावा आणि विंडोजमधली प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा द्यावी. पायथनही तेच हवे, ज्यात एमसीपीची लायब्ररी बसवली आहे. डेटाबेसचा पत्ता तर आवर्जून पूर्ण द्यावा, कारण सहायक आपला प्रोग्रॅम भलत्याच फोल्डरमधून सुरू करू शकतो आणि एसक्यूलाइटला तिथे फाइल सापडली नाही, तर ते तक्रार न करता नवी रिकामी फाइल तयार करते; मग तीन हंगामांच्या नोंदी असूनही टेबलच नाही असे उत्तर येते. (या रिकाम्या फाइलने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली आहे.) बदल केल्यावर केवळ खिडकी बंद न करता घड्याळाजवळच्या चिन्हातून ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे.

टूलचे, म्हणजे सर्व्हर सहायकाला वापरायला देतो त्या एकेका कामाचे, वर्णन मात्र आपण फार थोडक्यात उरकले आहे. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे मॉडेल त्या वर्णनावरूनच ठरवते. तेव्हा उचल म्हणजे माल येण्याआधी शेतकऱ्याला दिलेली रक्कम, हे तिथे स्पष्ट लिहावे. एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे निघतात, म्हणून शोध नावाऐवजी खाते क्रमांकावर ठेवावा. आणि बेरीज मॉडेलवर न सोपवता डेटाबेसकडूनच करून घ्यावी.

आता शेवटच्या ओळीतला प्रश्न. मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर आपल्याला फारसे आवडणार नाही. सर्व्हर लॅपटॉपवर आहे, डेटाबेसची फाइलही तिथेच राहते. पण विचार करणारे मॉडेल कंपनीच्या संगणकांवर चालते. आपले टूल ज्या ओळी परत देते, त्या संभाषणाचा भाग होऊन इंटरनेटवरून तिकडे जातात. वडिलांना सांगितलेले अर्धेच खरे आहे. बाहेर काय जाईल, हे टूल किती परत देते यावर ठरते, आणि आपल्या प्रोग्रॅममधले एक टूल तर कोणतीही एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली, आज्ञा चालवू देते! ते आजच काढून टाकावे. त्याऐवजी खाते क्रमांक घेऊन फक्त बाकी सांगणारे आणि दिवसाची आवक क्विंटलमध्ये सांगणारे, अशी दोन नेमकी टूल्स पुरेत. आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल हे रकाने टूलच्या उत्तरात येताच कामा नयेत. डेटाबेस केवळ वाचण्यापुरता उघडावा, म्हणजे मॉडेलने गैरसमजातून नोंद बदलण्याचा प्रश्न उरत नाही, आणि पहिले काही दिवस मूळ फाइलऐवजी तिच्या प्रतीवर काम करावे.

काहीच बाहेर जाऊ नये असा वडिलांचा आग्रह असेल, तर मॉडेलही घरचे हवे. ओलामासारख्या साधनाने ते लॅपटॉपवर चालवता येते. मात्र एमसीपी जाणणारे वेगळे ॲप आणि टूल वापरू शकणारे मॉडेल जोडावे लागते. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर लहानच मॉडेल मावते आणि अशा मॉडेलच्या मराठीवर, विशेषतः मोंढ्याच्या मराठीवर, मी भिस्त ठेवणार नाही. आपल्या दुकानासाठी मी पहिलाच, म्हणजे क्लॉड डेस्कटॉप आणि नेमक्या टूल्सचा मार्ग निवडेन. पण सहायकासमोर कोणते रकाने ठेवायचे, ती यादी वडिलांसोबत बसून करावी, कारण शेतकरी आपली उचल त्यांच्या विश्वासावर नेतात.