जेडच्या तपकीर कुपीचा दाखला: माझा अनुभव

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. सिंगापुरात पाहिलेली पांढरट जेडची तपकीर कुपी, तळाला चियानलोंग या अठराव्या शतकातल्या चिनी सम्राटाची चार अक्षरी मोहोर, सोबत प्रयोगशाळेचा दाखला, आणि दुकानदार म्हणतो दोन दिवसांत सांगा; तर जुनी समजून घ्यावी का, असं तुम्ही विचारता. हाँगकाँगला असताना मी याच भरवशावर वर्षभराची शिल्लक घालवली.

जेड की काच, हा भाग सोडतो. माझ्या दाखल्यावरही 'नैसर्गिक नेफ्राइट' (जेडचाच एक प्रकार) होतं, आणि ते खरंच होतं. पण प्रयोगशाळा दगड तपासते, तो कोरला कधी ते नाही. 1759 मध्ये पश्चिमेकडचा शिनच्यांग प्रांत चीनच्या चिंग साम्राज्याच्या ताब्यात आल्यावर तिथल्या खोतानचा जेड दगड पेकिंगला मुबलक येऊ लागला. तसा दगड आजही निघतो, आजही कोरला जातो. नंतर मी त्या प्रयोगशाळेत तीन हेलपाटे घातले. काउंटरवरच्या बाईंनी दरवेळी मागच्या पानावरची बारीक ओळ दाखवली: वयाबद्दल मत दिलेलं नाही. मग ती ओळ पुढच्या पानावर ठळक का छापत नाहीत? अजून राग येतो.

मोहोरेवरही जाऊ नका. चियानलोंगने 1796 मध्ये गादी सोडली, पण त्याची मोहोर पुढच्या कारागिरांनीही सर्रास कोरली.

मी आता आधी आत बघतो. बूच काढून तोंडाशी मोबाइलचा उजेड धरा. जेड सुरीने कापलं जात नाही, कठीण भुकटीने घासून झिजवावं लागतं. एवढ्याशा तोंडातून वाकडी हत्यारं घालून खांद्यांपर्यंत पोखरायचं, म्हणजे अफाट चिकाटीचं काम. चांगल्या कुपीत पोकळी बाहेरच्या घाटामागून फिरते. माझ्या कुपीत बोअरवेलसारखं सरळ भोक होतं, खांदे भरीव. हातात घेतल्यावर जड लागली होती, तेच मी अस्सलपणाचं लक्षण समजलो. अर्थात जुन्या साध्या कुप्याही कमी पोखरलेल्या सापडतात, आणि आजचे काही कारागीर आतूनही सुंदर काम करतात. मी तज्ज्ञ नाही, नुसता संग्राहक.

बूच नंतरचं निघालं तर घाबरू नका, ती हरवतात, बदलली जातात. बुचाला आतून जोडलेला तपकीर काढायचा चमचा मात्र हस्तिदंती असेल तर भारतात आणायच्या भानगडीत पडू नका.

आणि पावतीवर काळ लिहून मागा. 'चिंग काळ, अठरावं शतक' लिहून सही करायला दुकानदार तयार नसेल, तर नव्या कोरणीचीच किंमत द्या. माझ्या पावतीवर एवढंच होतं: 'जेड बाटली, एक नग'.