रेडिओलॉजीत नव्याने येणाऱ्या डॉक्टरांस

निपाणीला सोनोग्राफी व एक्स-रे केंद्र सुरू करताना आधी काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. यंत्राच्या किमतीची चर्चा तूर्त बाजूला ठेवावी. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), एमआरआय वगैरे पुढे येईलच.

पहिले म्हणजे, छातीचा एक्स-रे रोज एकाच क्रमाने वाचा. नाव, तारीख, डावी-उजवी खूण, श्वास पुरेसा घेतला आहे का, हे पाहूनच फुप्फुसांकडे वळा, आणि शिखरे (फुप्फुसांची वरची टोके), हृदयामागचा भाग व श्वासपटलाखालची जागा मुद्दाम तपासा, कारण नवखी नजर नेमकी तिथेच चुकते. दुचाकीवरून पडलेल्या रुग्णाची बरगडी मोडलेली दिसली की समाधान होते आणि त्याच फिल्मवर शिखराशी असलेली, फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची बारीक रेघ निसटते. म्हणून एक दोष सापडल्यावरही क्रम पूर्ण करावा.

दुसरे, रुग्णाशी बोला. खानापूर-चंदगडकडची माणसे जुन्या फिल्म पिशवीत घेऊन येतात, पण मागितल्याखेरीज काढत नाहीत. श्वास रोखायला कन्नडमध्येही सांगता आले पाहिजे, नाहीतर यकृत नीट दिसणार नाही.

तिसरे, गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म, म्हणजे कायद्याने ठरवलेला नोंदीचा नमुना, त्याच वेळी भरा. 1994 च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदी किमान 2 वर्षे जपाव्या लागतात आणि मासिक अहवाल पुढील महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यावा लागतो. हे काम कंपाउंडरवर सोपवण्याचा मोह माझ्या मते सर्वांत घातक आहे.

अहवालात मात्र पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन ओळींत यावे. शंका असल्यास सरळ फोन करावा.