अँटिबॉडी वाढलेल्या, तरी मुलाला वारंवार ताप का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे पोट वाढलेले होते, प्लेटलेट कमी होत्या आणि नाकातून रक्त येत असे. सुरुवातीला केवळ प्लेटलेटचा आजार समजून त्याला स्टिरॉइड दिले गेले. पुढे एन्झाइमच्या तपासणीत गोशे आजार, प्रकार १, असे निदान झाले. आता अहवालात इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजेच अँटिबॉडी) वाढलेले दिसते. मग ताप-खोकला सारखा का येतो? पाणथरी (प्लीहा) काढून टाकावी, असे एकाने सुचवले आहे. ते करावे का? लसी देता येतील का? माझे लग्न आतेभावाशी झाले असून, आता धाकट्या दिरासाठी माझ्या सख्ख्या बहिणीची सोयरीक चालली आहे, त्याचीही काळजी वाटते.
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, वाढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनवरून प्रतिकारशक्ती जास्त असल्याचा अर्थ काढू नये. या आजारात ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडते, त्यामुळे जुन्या रक्तपेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ पेशींच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पचनाच्या कप्प्यांमध्ये, न पचता साठत जातो. तो सर्वाधिक साठतो तो मॅक्रोफेज पेशींत, आणि जंतूंचा फडशा पाडणे, इतर पेशींना सावध करणे ही प्रतिकारसंस्थेची मूळ कामे याच पेशींकडे असतात. फुगलेल्या मॅक्रोफेज पेशी दाह निर्माण करणारे संदेश सतत सोडत राहतात, त्यामुळे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी विशिष्ट जंतू समोर नसतानाही उत्तेजित राहतात. साठलेल्या त्या पदार्थाविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात आणि त्यांच्यामुळे दाह व साठा दोन्ही वाढतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणून अहवालातील आकडा मोठा असला, तरी त्याचा संसर्ग रोखण्यास उपयोग होतोच असे नाही.

उलट, काही रुग्णांत न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संसर्गाच्या जागी नीट पोहोचत नाहीत. एन्झाइमचे उपचार सुरू केल्यावर हा दोष सुधारल्याचे आढळले आहे. तरीही शाळकरी मुलाचा प्रत्येक ताप या आजाराच्या माथी मारू नका. रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी आढळल्या, तर केवळ त्या अहवालावरून ल्युपससारखे (प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते अशा आजाराचे) निदान स्वीकारू नये. गोशेच्या रुग्णांत अशा अँटिबॉडी तुलनेने जास्त दिसतात. मोठेपणी मात्र एकाच प्रकारची अँटिबॉडी वाढणे आणि क्वचित मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग होणे, हा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसची (रक्तातील प्रथिने वेगवेगळी करून पाहण्याची) तपासणी पुढे ठरावीक काळाने करावी लागेल.

पाणथरीबाबत मी आग्रहाने सांगते, ती काढू नका. तिच्याशिवाय न्यूमोकोकस, मेनिंगोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांतही जीवघेणा ठरू शकतो, शिवाय मूळ साठा शरीरात राहतोच आणि हाडांवरचा भार वाढण्याची भीती असते. दर दोन आठवड्यांनी शिरेतून एन्झाइम दिल्यास पाणथरी बहुधा लहान होते व प्लेटलेट वाढतात. हा उपचार अतिशय महाग आहे. परंतु राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१ अन्वये मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्या भागातून बंगळूरचे सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स किंवा मुंबईचे केईएम रुग्णालय येथे नोंदणीची चौकशी करावी.

लसी अवश्य द्याव्यात, न्यूमोकोकसची आणि दरवर्षीची फ्लूची लसही. प्लेटलेट कमी असल्याने इंजेक्शन देणाऱ्याला आधी कल्पना द्यावी, सुईच्या जागी काही वेळ दाबून धरावे, आणि तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये.

आता सोयरिकीविषयी. मुलाला आजार आहे, म्हणजे तुम्ही आणि तुमचे पती दोघेही एका सदोष जनुकाचे वाहक आहात. तुमची बहीण आणि दीर यांच्यापैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता ५० टक्के आहे. वाहकांना स्वतःला गोशे आजार होत नाही, त्यामुळे ते दिसून कळत नाही. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के राहील. मुलाच्या जनुकातील नेमका बदल जनुकीय तपासणीत एकदा सापडला की त्या दोघांची रक्ततपासणी सोपी असते. साखरपुडा ठरण्याआधीच ती करून घ्यावी आणि मुलाचा अहवाल सोबत न्यावा.