अपडेट अर्धवट राहून द्राक्षबागेतले गेटवे (सेन्सरची माहिती सिमवरून सर्व्हरला पाठवणाऱ्या पेट्या) बंद पडतात, दर वेळी माणूस पाठवावा लागतो. उपाय काय?

चालू सिस्टिमवरच अपडेट लिहिणं बंद करा आणि प्रत्येक गेटवेवर ए/बी अशी दोन पार्टिशन (स्टोरेजचे वेगळे भाग) ठेवा. नवी आवृत्ती वापरात नसलेल्या पार्टिशनवर उतरते, तिची डिजिटल सही (ती खरी आणि अखंड असल्याची खूण) तपासली जाते आणि मगच बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, तिकडे वळतो. निफाड-दिंडोरीकडे मध्येच लाईट गेली तरी जुनी आवृत्ती शाबूत राहते. मेंडर आणि राउक ही मुक्त साधनं लिनक्सवर हेच करतात.

खरी मेख मात्र पुढे आहे: बूट झालं म्हणजे अपडेट जमलं, असं धरू नका. सिमचं एपीएन (मोबाइल इंटरनेटची सेटिंग) बिघडवणारं अपडेटही व्यवस्थित बूट होतं, पण पेटी हाताबाहेर जाते. म्हणून नवी आवृत्ती सर्व्हरशी बोलली आणि सेन्सर वाचू शकली, तरच ती कायम करा. नाहीतर ठरावीक मुदतीनंतर रीबूट होऊन आपोआप जुनीवर परत यावं. ही मुदत ऐसपैस ठेवा, बागेत रेंज जाते-येते. सुरुवात नाशिक शहराजवळच्या मोजक्या पेट्यांपासून करा.

एक मात्र लक्षात ठेवा: बागेत आधीच बसवलेल्या पेट्यांची पार्टिशनची रचना दुरून बदलू नका. त्या वेळी लाईट गेली तर परतायला जुनं काही उरत नाही. ते काम पेटी ऑफिसात आणूनच करा.