युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात जायची रेल्वे तिकिटं ऑनलाइन स्वस्तात कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात घरातली चार मोठी माणसं म्युनिक, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन अशी फिरणार आहात, रेल्वे पासची किंमत बघून डोळे पांढरे झालेत आणि सुटी तिकिटं काढायची तर कुठून, हे कळत नाहीये. मी आठ वर्षं म्युनिकला राहते. दर उन्हाळ्यात सांगलीहून कुणी ना कुणी येतंच, आणि तिकिटं काढायचं काम माझ्या गळ्यात पडतं. त्यामुळे आता हात बसलाय.

तुमच्यासारख्या तीन-चार ठरलेल्या प्रवासांना पास नकोच. रोज उठून गाडी पकडणाऱ्याला तो परवडतो.

आधी डोक्यातून आयआरसीटीसी काढून टाका. आपल्याकडे गाडी एक, खिडकी एक, आणि भाडंही बहुतेक वेळा ठरलेलं. इथे दोन देशांमधली गाडी बहुधा दोन्हीकडच्या रेल्वे मिळून चालवतात आणि तिकीट मात्र ज्या त्या साइटवर ज्या त्या भावाने विकतात. डबा तोच, सीट तीच. गेल्या वर्षी प्राग–बर्लिनचं तिकीट काढताना मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून बसले होते. जर्मन रेल्वेच्या ॲपवर, म्हणजे डीबी नेव्हिगेटरवर, जो आकडा होता त्याच्या जवळजवळ निम्म्यात चेक रेल्वे ती गाडी विकत होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीला हेच उलटं निघालं. त्यामुळे 'अमुक साइट स्वस्त' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून सोडून द्या. गाडी ज्या देशात सुटते आणि ज्या देशात पोचते, त्या दोन्हींच्या रेल्वेच्या साइट उघडून बघायच्या, एवढाच नियम. तुमच्या प्रवासाला जर्मनीची डीबी, ऑस्ट्रियाची ओबीबी आणि चेक रेल्वे, म्हणजे चेस्के द्राही, या तीन पुरतात. तिन्हींवर इंग्रजी आहे.

व्हिएन्ना–प्राग या वाटेवर रेजिओजेट नावाच्या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाड्याही धावतात. त्यांचा भाव त्यांच्या स्वतःच्या साइटवर वेगळा बघावा लागतो. सगळ्या देशांची तिकिटं एकाच जागी विकणारी ट्रेनलाइन, ओमिओसारखी दुकानं आहेत. वेळा बघायला ती छान, पण पैसे भरताना बऱ्याचदा सेवाशुल्क चढतं आणि प्रत्येक रेल्वेची सगळ्यात स्वस्त तिकिटं तिथे असतीलच असं नाही.

स्वस्त तिकिटांचा कोटा असतो. जर्मनीत त्याला स्पारप्राइस म्हणतात, ऑस्ट्रियात स्पारशीने. गाडीत अशी थोडी तिकिटं ठेवलेली असतात, ती संपली की पुढची पायरी, मग तिच्या पुढची. विमानाच्या तिकिटासारखंच. ओबीबीवर साधारण ६ महिने आधी विक्री सुरू होते. मेच्या तिकिटांना डिसेंबर-जानेवारीत हात घालावा, मार्चही चालेल, पण एप्रिलअखेर बसलात तर रडायची वेळ येईल. त्यात मे म्हणजे इकडे सुट्ट्यांची रेलचेल. चेक लोकांना १ आणि ८ मे, जर्मनी-ऑस्ट्रियात गुरुवारची एक ख्रिस्ती सुट्टी येते आणि लोक शुक्रवार जोडून चार दिवस पळतात. २०२६ मध्ये तो गुरुवार १४ मेला आहे. तेवढा टाळून मंगळवार-बुधवार धरा. सकाळी सहाची गाडी दुपारच्या गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते, पण तुमच्याबरोबर वयस्कर माणसं असतील तर तो हट्ट करू नका. पहाटेच्या गाडीचं नाव काढलं की आमची आई आजही मला ऐकवते.

आता स्वस्त तिकिटाची खोच. ते त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं. गाडी चुकली की तो कागद रद्दी, आणि अगदी स्वस्तातल्या तिकिटाचे पैसे रद्द करूनही परत मिळत नाहीत. मात्र सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि रेल्वेच्याच उशिरामुळे तुमची पुढची गाडी सुटली, तर तुम्हाला पुढे पोचवणं ही त्यांची जबाबदारी. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे पोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के भरपाई मागता येते. तुकडे करून वेगवेगळी तिकिटं काढलीत की हे कवच जातं. मी बुडापेस्टला जाताना थोडे युरो वाचवायला असे दोन तुकडे केले होते. मध्ये १४ मिनिटं. पहिली गाडी २५ मिनिटं उशिरा पोचली, तोवर दुसरी निघून गेली होती. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी अतिशय नम्रपणे पूर्ण भाड्याचं नवं तिकीट हातावर ठेवलं. वाचवलेल्याच्या पाचपट गेले. तेव्हापासून तुकडे केलेच तर मध्ये दोन तास ठेवते आणि त्या वेळात त्या गावात जेवून घेते.

म्युनिकहून व्हिएन्ना थेट रेलजेटने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या वेगवान गाडीने, साधारण चार तास. व्हिएन्ना–प्रागही तेवढंच, प्राग–बर्लिन साडेचारच्या आतबाहेर. म्हणजे तुम्हाला कुठेच गाडी बदलायची गरज नाही. थेट गाडीच शोधा. वाटेत साल्झबर्ग बघायचं असेल तर एक देशी युक्ती: बायर्न-टिकेट. एका तिकिटावर पाच माणसांपर्यंत, आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतर, बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, सगळ्या लोकल-पॅसेंजर गाड्या, आणि ते साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं. आगाऊ काढायची गरज नाही, भाव वाढत नाही. फक्त वेगवान आयसीई, इंटरसिटी, रेलजेटमध्ये चढू नका, टीसी ऐकत नाही. पुढे साल्झबर्ग–व्हिएन्ना ओबीबीचं वेगळं काढायचं. या बाजूला मी तुकडे करते, कारण मध्ये दिवसभर गाव बघायचंच असतं.

नावांचा घोळ होतो. साइटवर शहरांची नावं स्थानिक असतात: व्हिएन्ना म्हणजे वीन, म्युनिक म्हणजे म्युन्शेन, प्राग म्हणजे प्राहा. शहराचं मुख्य स्टेशन जर्मनमध्ये हाउप्टबानहोफ, चेकमध्ये ह्लावनी नाद्राझी. प्रागच्या काही गाड्या होलेशोविचे नावाच्या स्टेशनवरही थांबतात. तिकिटावर कुठलं स्टेशन छापलंय ते टॅक्सीत बसायच्या आधी वाचा.

आणखी एक: तिकीट आणि सीट या इथे दोन वेगळ्या गोष्टी. चार्ट लागत नाही, वेटिंग लिस्ट नाही. या तिन्ही देशांत साधारणपणे तिकीट काढलं की गाडीत चढायचा हक्क मिळतो, बसायचा नाही. सीटचे थोडे युरो वर भरायचे. चार माणसं आणि आठ बॅगा असतील तर ते पैसे वाचवू नका. पहिल्यांदा आलेल्या बाबांनी रिकाम्या सीटवर ऐसपैस पेपर पसरला होता, डोक्यावरच्या छोट्या पट्टीत दोन स्टेशनांची नावं उजळलेली होती. म्हणजे त्या टप्प्यात ती सीट कुणाची तरी होती. ड्रेस्डेनला मालक आला, आणि बाबा बर्लिनपर्यंत दाराशी बॅगेवर.

पैसे भरायचं काम भारतातूनच उरका. ओटीपी भारतातल्या मोबाइलवर येतो, इथे रोमिंग चालू नसलं की फजिती. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. २०२० पासून नवीन कार्डावर ते आपोआप बंदच येतं. परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, आणि वर जीएसटी लागतो, तो धरूनच साइटींची तुलना करा. नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका.

आणि तारीख. रात्रीची गाडी १२ वाजून १० मिनिटांनी सुटणार असेल तर ती दुसऱ्या दिवशीची. ही चूक आपल्याकडे दादर स्टेशनवर जेवढी होते तेवढीच इथेही होते.

प्राग–बर्लिन गाडीत पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केल्यापासून पोलीस बऱ्याचदा डब्यात येतात. आणि प्रागहून निघताना उजव्या बाजूची खिडकी घ्या. ड्रेस्डेनच्या आधी एल्बे नदी बराच वेळ त्याच बाजूने सोबत चालते, पलीकडे वालुकाश्माचे कडे. डीबीच्या साइटवर वाटेत काही तासांचा थांबा टाकायची सोय आहे. ड्रेस्डेनला तीन तास टाकून बघा. कित्येकदा भाडं तेवढंच राहतं.