सहकारी महिनाभर रजेवर असताना त्यांचं सदर मला लिहायचं आहे. त्यांच्यासारखं लिहू की माझ्यासारखं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला परसबागेचं सदर येतं, ते लिहिणाऱ्या ताई जूनमध्ये महिनाभर मुलीकडे जाणार आहेत आणि संपादकांनी ते काम तुमच्यावर सोपवलं आहे. त्यांची शैली उचलावी की आपली ठेवावी आणि वाचक तुम्हाला स्वीकारतील का, ही तुमची धास्ती आहे.

मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या पुरवणी विभागात काम करते. आमच्याकडे रविवारी आकाशदर्शनाचं सदर येतं. ते लिहिणारे ज्येष्ठ सहकारी मे महिन्यात कोकणात गावी गेले, तेव्हा ते सदर मी चालवलं होतं. त्यावरून सांगते. चौकट त्यांची ठेवा, आवाज तुमचा ठेवा आणि नावही तुमचंच जाऊ द्या.

नावाचं आधी पक्कं करून घ्या. काही ठिकाणी 'वाचकांना कशाला गोंधळात टाकायचं' म्हणून मूळ लेखकाच्याच नावाने मजकूर सोडतात. हे मला मुळीच पटत नाही. ताईंनी वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास त्यांच्या नावाला चिकटलेला आहे आणि त्यांनी न वाचलेल्या मजकुराखाली ते नाव टाकायचा हक्क कुणालाच नाही. तुमचं नाव वर द्या आणि लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ टाका, की त्या रजेवर आहेत आणि अमुक तारखेपासून पुन्हा लिहितील. एवढं पुरतं. पहिला परिच्छेद 'त्यांची सर मला कुठून येणार' अशा शब्दांत घालवू नका. वाचकाने पान उघडलंय ते कुंडीतल्या मिरचीचं काय करायचं ते वाचायला.

चौकट म्हणजे काय, तर वाचकाला ज्याची सवय झाली आहे ते सगळं. शब्दसंख्या, शेवटची 'या आठवड्यात काय कराल' ही चौकट, फोटोची जागा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यात महिनाभरासाठी काहीही बदलू नका. रजेच्या आधी ताईंबरोबर निवांत बसा आणि तीन-चार गोष्टी विचारून घ्या. गेल्या जूनमध्ये त्यांनी काय लिहिलं होतं? कुणाच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय? शंका आली की त्या कुणाला फोन करतात? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्यांनी वाचकांना कसला शब्द दिलाय का? आमच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं की अगस्ती यंदा शेवटचा कधी पाहता येईल ते मेमध्ये सांगू. हा तारा मे महिन्यात संध्याकाळच्या संधिप्रकाशात हरवतो आणि मग पावसाळा उतरणीला लागेपर्यंत दिसत नाही. मी विचारलं नसतं तर ती ओळ तशीच लोंबकळत राहिली असती. कात्रणं जपून ठेवणारे वाचक अजूनही आहेत आणि असा शब्द त्यांच्या बरोबर लक्षात राहतो.

आता आवाजाबद्दल. आमचे सहकारी नक्षत्रांबरोबर अभंग आणि ओव्या सहज पेरतात. ते त्यांच्या वाचनातून आलेलं आहे, मी तसं करायला गेले असते तर ते उसनं दिसलं असतं. मी आधी बातमीदारी केलेली. जागेवर जाऊन बघायचं, मोजायचं आणि मग लिहायचं, ही माझी सवय. म्हणून पहिला विषय घेतला शून्य सावलीचा, कारण तो मला आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर स्वतः करून बघता येणार होता.

मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लपते. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे हे सगळीकडे घडतं. पुण्यात पहिली खेप १३-१४ मेच्या सुमारास येते. दुसरी जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं. वेळही बरोबर बाराची नसते. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे पुण्यात ती वेळ साडेबाराच्या आसपास येते, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. गच्चीवर मी पाइपचा एक तुकडा ओळंब्याने सरळ उभा केला आणि साडेबाराला तो खरोखरच सावलीविना उभा होता, भोवती फक्त कडेइतकी काळी रेघ. लेखात तीच रेघ आली. सहकाऱ्यांच्या पद्धतीने तो लेख झाला नाही, पण वाचकांनी तो आपापल्या गच्चीत करून पाहिला. एका शिक्षिकेचं पत्र आलं, त्यांनी सुट्टीतल्या मुलांना गोळा करून ध्वजस्तंभाच्या सावलीवर खडूने खुणा करायला लावल्या होत्या.

पण तो लेख रविवारी छापून आला त्याच्या कितीतरी आधी पान सुटलेलं होतं. पुरवणी मुख्य अंकाच्या आधीच छापून होते, शेवटच्या क्षणी बदल करता येत नाही. बातमीच्या डेस्कवरून येणाऱ्यांना हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून गच्चीवरचा प्रयोग मी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात करून ठेवला होता, रजेचं तेव्हाच ठरलं होतं. तुम्हाला एवढी सवड नसेल, पण तत्त्व तेच: ज्या दिवशी वाचक वाचणार त्या दिवशीचं लिहायचं, तुम्ही लिहीत असता त्या दिवशीचं नाही. तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे आठवड्यात जवळजवळ अर्धा तास. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा. मंगळवारी रात्री नऊला दिसलेला चंद्र तसाच रविवारच्या लेखात टाकला तर वाचक गच्चीवर जाऊन भलतीकडेच बघत बसेल. तुमच्या बाबतीत हेच पावसाचं होईल. 'पाऊस सुरू झाला आहे' असं वाक्य आधी लिहून ठेवलंत आणि रविवारी कडक ऊन पडलं, तर त्या वाक्यापुढचा सगळा सल्ला पोकळ वाटतो. 'पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की' असं लिहा.

तुमचा अंक एकापेक्षा जास्त जिल्ह्यांत जात असेल तर आणखी एक काळजी घ्या. शून्य सावली कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात थेट २६ मेच्या सुमारास, कारण सूर्य मेच्या मध्यावर रोज जेमतेम पाव अंश उत्तरेला सरकतो. एकच तारीख सगळ्या आवृत्त्यांना लावून चालत नाही. त्रिशंकूचंही तसंच. मेच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला हा चार ताऱ्यांचा क्रूस दक्षिणेला उभा दिसतो. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. कोल्हापूरकराला त्रिशंकूचा तळाचा तारा क्षितिजापासून एका मुठीवर दिसेल, नागपूरकराला जेमतेम अर्ध्या मुठीवर, म्हणजे समोर इमारत असेल तर दिसणारच नाही. 'दक्षिणेला मोकळं मैदान शोधा' हे वाक्य नागपूर आवृत्तीत हवंच होतं. परसबागेत तर हा फरक याहून मोठा: कोकणातल्या अंगणात जूनमध्ये पाणी काढून द्यायची धडपड असते, त्याच वेळी मराठवाड्यात लोक पावसाची वाट पाहत असतात.

तुम्हाला पहिल्या आठवड्यासाठी विषय सुचवायचा तर कुंडीतल्या पाण्याचा निचरा घ्या. स्वतःच्या बाल्कनीतल्या कुंड्या उचलून बघा. तळाची भोकं मुळांनी नाहीतर मातीने बुजलेली असतात आणि उन्हाळ्यात ठेवलेली ताटली तशीच खाली असते. ती काढून टाका, कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवा, एक तांब्या पाणी ओता आणि ते खालून किती वेळात बाहेर पडतं ते बघा. जे तुम्ही स्वतः पाहिलंत ते लिहिताना शैलीची चिंता उरत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. ताईंनी पूर्वी दिलेला एखादा सल्ला तुम्हाला पटत नसेल, तरी त्या नसताना त्यांच्याच जागेवरून तो खोडून काढू नका. परतल्यावर त्यांच्याशी बोला. वाचकाचं नुकसान होण्यासारखं काही असेल तर संपादकांना सांगा. आणि रजेवर असताना त्यांना फोन करू नका. 'एकच छोटी शंका' म्हणून केलेला फोन माणसाला पुन्हा कामाच्या टेबलावर आणून बसवतो. आमच्या व्यवसायात सणाच्या सुट्ट्याही धड मिळत नाहीत, तिथे महिनाभराची रजा ज्याला मिळते त्याला ती पुरती मिळायला हवी. आमच्यात ठरलं होतं की चूक छापली गेली तरच फोन, नाहीतर सगळं परतल्यावर.

वाचक स्वीकारतील का, हे पहिल्या पत्रांवरून लगेच ठरवू नका. सुरुवातीला पत्रं ताईंच्या नावानेच येतील आणि 'त्या कुठे आहेत, बऱ्या आहेत ना' असंही लोक विचारतील. तो त्यांच्यावरचा जिव्हाळा आहे, तुमच्यावरचा राग नाही. माहितीच्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं द्या. खास त्यांनाच लिहिलेली पत्रं न उघडता बाजूला ठेवा.

शेवटच्या लेखात पुढच्या आठवड्याचा कसलाही वायदा करू नका, तो आठवडा ताईंचा आहे. त्यांच्या टेबलावर छापलेले लेख, आलेली पत्रं आणि तुम्ही कुणाला काय कळवलंय त्याची एक चिठ्ठी ठेवा. जमलं तर एक जादा लेख तयार ठेवा, म्हणजे प्रवासातून आल्या आल्या त्यांना लिहायला बसावं लागणार नाही. सदर किती शब्दांचं असतं आणि अंक कोणत्या जिल्ह्यांत जातो ते खाली लिहिलंत तर बाकीच्या आठवड्यांच्या विषयांबद्दलही सांगता येईल.